मानशीची झडप पडद्यावर

पंचायतीच्या सचिवांनी वेळ दिली ती वीस मिनिटांची. रविवारची ग्रामसभा, विषयपत्रिकेवर आमचा बांध चौथा, त्याआधी कचरा, पथदीप आणि कुणाचं तरी बेकायदा कुंपण. म्हणजे आमच्यापर्यंत येईतो लोक दमलेले असणार, थोडे तापलेलेही. मी फोंड्याकडच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात भूगोल शिकवते, वर्गात अधूनमधून पडद्यावर काही दाखवते, म्हणून कुळांच्या संघटनेने बांधाचा विषय सभेत मांडण्याचं काम माझ्या गळ्यात घातलं. "बाय, तुजें पीपीटी बरें आसता," असं अध्यक्ष म्हणाले. त्यांनी माझी एकही पीपीटी पाहिलेली नाही. त्यांच्या नातीने पाहिली आहे.

गाव गोव्यातल्या झुआरी नदीच्या काठचं. नदी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध, बांधात मानस म्हणजे पाण्याचं दार, आतल्या बाजूला पोंय म्हणजे पाणी साठणारी खोलगट जागा आणि पलीकडे खाजन, म्हणजे नदीकाठची सखल भातशेती. मानशीच्या लाकडी झडपांना माणूस लागत नाही. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा झडप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो तेव्हा उघडते. झडपेची फळी कुजली किंवा बांध एका जागी खचला की हे गणित उलटतं, खारं पाणी आत येतं आणि पुढच्या पावसाळ्यात धुऊन निघेपर्यंत तिथे भात नाही. आमच्याकडे दोन्ही झालं होतं. ग्रामसभेने दुरुस्तीचा ठराव करायचा होता, आणि तो कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाकडे जायचा होता. तिथले एक अभियंते सभेला येणार होते.

संघटनेकडे आधीची एक फाइल होती. कुठल्याशा चर्चासत्रासाठी कुणी तरी बनवलेली, चाळीसेक स्लाइडची. पहिली स्लाइड 'खाजन शेती : एक दृष्टिक्षेप', मग इतिहास, मग राज्यभरातलं सुमारे 18 हजार हेक्टरचं क्षेत्र, मग सर्व्हे नंबरांचा तक्ता, शेवटी मोठ्या अक्षरांत 'धन्यवाद'. माहितीत फारसं चुकीचं काही नव्हतं. फक्त ती कुणाला उद्देशून आहे ते कळत नव्हतं. आमच्या गावातल्या माणसाला खाजन म्हणजे काय ते सांगायचं म्हणजे काय करायचं?

मी लॅपटॉप उघडला नाही. जुन्या उत्तरपत्रिकांचे कोरे कागद चौथाई कापले, आणि पहिल्या कागदावर लिहिलं : सभा संपल्यावर लोकांनी काय केलेलं असायला हवं? उत्तर दोन ओळींत बसलं. दुरुस्तीचा ठराव हात वर करून मंजूर झालेला असावा, आणि मानशीची देखरेख कुणी करायची हे ठरलेलं असावं. हा कागद भिंतीला चिकटवला. मग डोक्यात येईल ते एकेका कागदावर लिहून ओसरीत पसरलं, आणि प्रत्येकाला तोच प्रश्न : हा कागद नसला तर ठराव अडेल का? इतिहास गेला. 18 हजार हेक्टर गेले. आपल्या शेतात पाणी शिरलेल्या माणसाला राज्याचा एकूण आकडा ऐकवून त्याचं दुःख मोठं होत नाही, लहान मात्र होतं. खारेपणाचे मोजलेले आकडेही पडद्यावरून काढले. जमिनीचा खारेपणा साधारण 3 डेसीसीमेन प्रति मीटरच्या वर गेला की नेहमीच्या भाताचं उत्पादन घटू लागतं, आणि कोरगुटासारखं जुनं बियाणं त्यापुढेही तग धरतं. ही माहिती अभियंत्यांना हवी होती, गावाला नको होती. म्हणून ती एका वेगळ्या दोन पानी टिपणात गेली. हे टिपण मला सगळ्या तयारीत सर्वांत उपयोगी पडलं, कारण "हेही घालायला हवं" असं वाटणारी प्रत्येक गोष्ट ठेवायला एक जागा झाली. पडदा मोकळा राहिला.

उरलेल्या कागदांवर मी मथळे नव्याने लिहिले. विषयाचं नाव नाही, पूर्ण वाक्य. 'मानशीची स्थिती' याऐवजी 'तिसऱ्या झडपेची खालची फळी कुजली आहे'. 'परिणाम' याऐवजी 'पाणी याच झडपेतून शेतात शिरतं'. पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले मायकल अॅली ही पद्धत अभियंत्यांना शिकवतात : वर एक विधान, खाली त्याचा पुरावा, शक्यतो चित्राचा, आणि मुद्द्यांची यादी नाही. मला ती पटते ती एका साध्या कारणाने. 'परिणाम' असं लिहून आपण स्वतःला फसवू शकतो, वाक्य लिहायला बसलं की आपल्याला नेमकं काय म्हणायचंय ते माहीत असावं लागतं. दोन कागदांवर मला वाक्यच सुचेना. ते दोन्ही काढून टाकले.

मथळ्यांवरून संघटनेच्या बैठकीत थोडी कुरबुर झाली. "इतकें सोंपें बरयल्यार लोक कितें म्हणटले?" (इतकं सोपं लिहिलं तर लोक काय म्हणतील?) असा सूर होता. तेव्हा मी त्यांना कोलंबिया अंतराळयानाची गोष्ट सांगितली, जी मी अकरावीच्या मुलांनाही सांगते. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून यानाच्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज स्लाइडवर मांडला. मथळा दिलासा देणारा होता. आणि अगदी तळाच्या, उपमुद्द्याच्याही उपमुद्द्यात असं होतं की चाचणीतला तुकडा 3 घन इंचांचा, तर आदळलेला 1920 घन इंचांचा. सहाशेहून जास्त पट. 1 फेब्रुवारी 2003 रोजी यान परतताना कोसळलं, सात जण गेले. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या एका स्लाइडची चिरफाड केली, आणि अपघाताच्या चौकशी मंडळानेही आपल्या अहवालात तिची दखल घेतली. अपघात स्लाइडमुळे झाला असं कुणी म्हणत नाही. पण मोठी गोष्ट बारीक अक्षरांत गेली की ती वाचली जात नाही, इतकं अध्यक्षांना पटलं. नंतर तेच इतरांना समजावू लागले.

आता चित्र. मानस कशी चालते हे गावातल्या म्हाताऱ्यांना झोपेत विचारलं तरी सांगतील, पण तिशीतल्या बहुतेकांनी ती फक्त बाहेरून पाहिली आहे, आणि ठरावाला मतं त्यांचीच जास्त. फोटोत झडप दिसते, झडपेचं काम दिसत नाही. म्हणून मी बांधाचा उभा छेद काढला : डावीकडे नदी, मध्ये मानस, उजवीकडे पोंय आणि शेत. पहिल्या स्लाइडवर ओहोटी, झडप उघडी. दुसरीवर पाणी चढतंय. तिसरीवर पूर्ण भरती, झडप मिटलेली, शेत कोरडं. चौथीवर तीच भरती, पण खालची फळी नाही.

यातली गोम अशी की चारही चित्रं पडद्यावर तंतोतंत एकाच जागी हवीत. चित्र पुन्हा काढायचं नाही, पहिल्या स्लाइडची नक्कल करायची आणि फक्त पाणी व झडप हलवायची. मग बटण दाबलं की बांध जागचा हलत नाही, पाणीच चढतं. बी.एड.ला असताना आम्ही ओएचपीच्या (ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या) पारदर्शिका एकावर एक ठेवून अगदी हेच करायचो. पॉवरपॉइंट 1987 साली मॅकिंटॉशसाठी आलं तेव्हा त्याचं मुख्य कामही अशा काळ्या-पांढऱ्या पारदर्शिका तयार करण्याचंच होतं. हल्ली त्यात उडणारी, गिरक्या घेणारी अक्षरं आहेत. मी अॅनिमेशन वापरलं नाही याला मात्र अगदी व्यावहारिक कारण होतं : पंचायतीचा लॅपटॉप जुना, फाइल तिथे नीट उघडेल याची खात्री नाही, आणि पीडीएफ केली की अॅनिमेशन जातं. वेगवेगळ्या स्लाइड पीडीएफमध्येही जशाच्या तशा राहतात.

फोटो दोनच ठेवले. बांधावरच्या एका माडाला टेकून, एकाच जागेवरून, एक ओहोटीला आणि एक भरतीला. आपल्याकडे दोन्हींत साधारण सहा तासांचं अंतर, त्यामुळे सकाळी एक आणि दुपारी एक. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले नाहीत. एकामागून एक, पूर्ण पडदाभर.

सर्व्हे नंबरांच्या तक्त्याचं काय करायचं यावर माझा बराच वेळ गेला. तक्ता काढला तर "माझं शेत यात आहे का?" हा पहिला प्रश्न येणार, आणि ठेवला तर तीस ओळी कुणी वाचणार नाही. शेवटी नकाशा काढला. पाणी शिरलेली शेतं गडद, उरलेली मोकळी, आणि गडद भागावर तिरक्या रेघाही, कारण काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही आणि पंचायतीच्या प्रोजेक्टरवर तर कुणालाच दिसत नाही. नंबर लिहिले नाहीत. देऊळ, पिंपळ, शाळा आणि फेरीचा जुना धक्का इतक्याच खुणा दाखवल्या. माणसं आपलं शेत नंबराने ओळखत नाहीत.

देवनागरीचे म्हणून काही त्रास असतात. इंग्रजीतली पुस्तकं आणि व्हिडिओ पाहून पीपीटी शिकलेल्यांना ते कुणी सांगत नाही. जुन्या फाइलमधला मजकूर युनिकोडच्या आधीच्या एका फॉन्टमध्ये टाइप केलेला होता, माझ्या लॅपटॉपवर तो अगम्य चिन्हांची रांग होऊन उघडला. सगळं परत टाइप केलं, 'मुक्ता' फॉन्टमध्ये. तो फुकट मिळतो, अंगाने साधा आहे, जोडाक्षरं लांबूनही फुटत नाहीत. ओळींमधलं अंतर वाढवावं लागतं, कारण आपल्या लिपीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार-ऋकार. इंग्रजीला पुरणाऱ्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन भिडतो. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवायचं नाही, शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटतो. तिरपी अक्षरं मला देवनागरीत बघवत नाहीत, पण तो माझा हट्ट समजा. आणि फाइल साठवताना फॉन्ट आतच बसवण्याची सोय असते, ती सुरू करायची. नाही तर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर आपली मांडणी परकी होऊन उघडते. शिवाय पीडीएफ, पेन ड्राइव्हवर आणि ईमेलमध्येही.

पंचायतीचा प्रोजेक्टर चार-तीन आकाराचा होता. पॉवरपॉइंटमध्ये 2013 पासून नवी फाइल सोळा-नऊच्या रुंद आकारात उघडते, म्हणजे तशीच दाखवली तर पडद्यावर वर-खाली काळे पट्टे आणि चित्र लहान. आकार सुरुवातीलाच बदलून घेतला. सगळं झाल्यावर बदललं तर प्रत्येक चित्र ताणलं जातं किंवा सरकतं.

अक्षर किती मोठं हवं याचे नियम पुष्कळ आहेत. उद्योजक-लेखक गाय कावासाकी 30 पॉइंटच्या खाली जाऊ नका म्हणतात, आणि स्लाइड दहाच, वेळ वीसच मिनिटं. माझी पद्धत त्रैराशिकाची आहे. सभा भरणार होती त्या देवळाच्या मंडपात पडदा सुमारे 6 फूट रुंद, शेवटची रांग 30 फुटांवर, म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या पाचपट. लॅपटॉपचा पडदा 13 इंच रुंद. त्याच्या पाचपट म्हणजे साधारण साडेपाच फूट. लॅपटॉप ओसरीवर ठेवायचा, साडेपाच फूट मागे जायचं, आणि चष्मा लागलेल्या आईला वाचायला सांगायचं. तिला 'पोंय' वाचता आलं नाही. अक्षर वाढवलं, वाढवायला जागा नव्हती तिथे शब्द कमी केले.

मंडप तिन्ही बाजूंनी उघडा, सभा सकाळी साडेदहाची. अशा उजेडात गडद पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं छान दिसतील असं वाटतं, पण प्रोजेक्टर काळा रंग फेकत नाही. तो फक्त तिथे उजेड टाकत नाही. पडद्यावर उन्हाची तिरीप असेल तर तुमचा काळा रंग म्हणजे ती तिरीप. म्हणून पांढरा पडदा, काळी अक्षरं, जाड रेघा. आदल्या शनिवारी साडेदहाच्याच सुमाराला जाऊन पाहिलं, पडदा पूर्वेकडून हलवून गर्भगृहाच्या डावीकडच्या भिंतीकडे आणला, आणि देवस्थानच्या पोरांनी उजेडाच्या बाजूला जत्रेतली ताडपत्री बांधून दिली. नकाशातला फिका निळा तरीही उडाला, तो तिथेच बसून गडद केला.

बोलण्याची तयारी वेगळी केली. माझ्या स्लाइडवरचं मराठी, बोलणं कोंकणीत. इथे असंच असतं, वाचायचं एकीत आणि भांडायचं दुसरीत. पण त्यामुळे एक गोष्ट आपोआप साधली : पडद्यावरचं जसंच्या तसं वाचून दाखवणं शक्यच नव्हतं. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांचे यावरचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. चित्र दाखवून तोंडाने समजावताना तेच शब्द पडद्यावरही लिहिले की समज वाढत नाही, उलट घटते, कारण डोळे वाचण्यात गुंततात. मी पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पाठ केलं, मधलं नाही. मधलं मोठ्याने बोलून पाहिलं, भावजयीसमोर, मोबाइलवर वेळ लावून. मनातल्या मनात केलेली तालीम नेहमी लवकर संपते. ती म्हणाली, चौथ्या चित्राआधी थांब, मला तिसरं बघू दे. ही सूचना फार मोलाची होती. मी दर चित्रानंतर मनात पाच अंक मोजायचं ठरवलं. बोलणाऱ्याला ती शांतता प्रचंड लांब वाटते, बघणाऱ्याला जेमतेम पुरते.

एक अवघड जागा होती. फळी नुसती जुनी झाली म्हणून कुजली, हे अर्धं खरं होतं. मानशीच्या मासळीची दर वर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते, आणि जास्त पाणी आत घेतलं की जास्त मासळी लागते. झडप रात्री अडवून ठेवली जाते हे गावात सगळ्यांना ठाऊक, उघड कुणी बोलत नाही. पावणी घेणारा सभेत पुढेच बसणार होता, माझ्या दादाचा तो वर्गमित्र. त्याच्याकडे बोट दाखवणारी स्लाइड केली असती तर वीस मिनिटं त्याच भांडणात गेली असती आणि ठराव बारगळला असता. न दाखवणं म्हणजे खोटेपणा. मी एक पाचवं चित्र काढलं : भरती, झडप उघडी अडवलेली, पाणी आत. मथळा, 'भरतीला झडप उघडी राहिली तर बांधाच्या आतली बाजूही झिजते'. माणूस नाही, आरोप नाही.

सभेत आमचा विषय पाऊण तास उशिरा आला. सुरुवातीलाच मी कीबोर्डवरचं बी दाबून पडदा काळा केला, कारण स्लाइड दिसत असेल तर लोक मला ऐकणार नाहीत. पहिलं वाक्य बोलले आणि मग भरतीचा फोटो लावला. चित्रांच्या वेळी मंडपात कुजबुज थांबली. पाणी चढत गेलं, थांबलं, चौथ्या चित्रात शेतात घुसलं. मागून एका मुलाने "परत दाखयात" म्हटलं, तेव्हा स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबलं, थेट पहिल्या चित्रावर गेले. ही युक्ती माहीत असावी. उलट्या दिशेने सगळ्या स्लाइड पळवत जाणं फार केविलवाणं दिसतं.

पाचव्या चित्रावर मी काहीच बोलले नाही, मनात अंक मोजत राहिले. पावणी घेणाराच उठला. म्हणाला, झडप अडवतात हे खरं, पण मानशीकडे रात्री थांबायला जागा नाही, दिवा नाही, कुणी अडवली ते त्यालाही सकाळीच कळतं. त्यावर दहा जण एकदम बोलू लागले. पण बोलणं झडपेवर राहिलं.

वीज जाईल म्हणून मी नकाशा आणि छेदाचं चित्र मोठ्या कागदावर छापून नेलं होतं. वीज गेली नाही, पण कागद पुढच्या रांगेत फिरले, आणि खरं सांगायचं तर सभेचा जास्त उपयोगी भाग तिथेच घडला. एका आजोबांनी माझं पेन मागून घेतलं, पोंयची सीमा नकाशात फार दक्षिणेला दाखवली आहे म्हणाले, आणि नवी रेघ काढली. मग दुसऱ्यांनी बांधाची आणखी एक कमजोर जागा दाखवली, फुली मारून. पडद्यावर कुणी फुली मारत नाही. अभियंते खुर्ची सोडून त्या कागदापाशी उकिडवे बसले. मी प्रोजेक्टर बंद केला.

ठराव झाला. देखरेखीसाठी तिघांची नावं आली, त्यात पावणी घेणाऱ्याचंही, आणि मानशीपाशी दिवा लावण्याची मागणी माझ्या कुठल्याच स्लाइडवर नसताना ठरावात आली.

दुसऱ्या दिवशी अभियंत्यांनी वरिष्ठांना दाखवायला फाइल मागितली. मी टिपण पाठवलं आणि स्लाइडसाठी थोडे दिवस मागितले. तिथे झडप कशी चालते ते सांगण्यात वेळ घालवायचा नाही, एकाच चित्रात भागेल. पहिल्याच स्लाइडवर किती मीटर बांध आणि किती खर्च, मग खारेपणाचे आकडे, मग फुल्या मारलेला नकाशा जसाच्या तसा स्कॅन करून. अडलंय ते पहिल्या स्लाइडपाशीच. बांधाची लांबी पंचायतीच्या नकाशात एक आहे आणि संघटनेच्या वहीत दुसरी. येत्या शनिवारी ओहोटी सकाळची आहे, तेव्हा टेप घेऊन मोजायला जाणार आहोत.